पाना फक्त ‘ड’ तुकडीच्याच हातात का?

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या बाई एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात. शाळेत यंदापासून नववीला प्लंबिंग आणि बांधकामाचा विषय सुरू होतोय आणि जबाबदारी बाईंवर आलीय. मुख्याध्यापकांचं म्हणणं असं की सामान एका तुकडीपुरतंच आहे, तर ते ‘ड’ तुकडीला द्या, ती मुलं अभ्यासात मागेच आहेत, निदान हाताला काहीतरी लागेल. आणि मुलींना त्यात घालू नका. पालकसभेत ‘ड’मधल्या एका मुलाचे वडील, स्वतः गवंडी, उभे राहून म्हणाले, “मी वीस वर्षं थापी धरली ती पोराच्या हातात थापी येऊ नये म्हणून, आणि तुम्ही शाळेतच त्याच्या हातात देताय?” बाईंना ते लागलं. त्यांना हा विषय मनातून आवडतो, पण आपण पोरांचं नुकसान तर करत नाही ना असं वाटतंय. शिवाय घरचा नळ गळला तर त्या स्वतःच प्लंबरला फोन करतात, मग शिकवणार काय? विचारतायत, नाही म्हणून मोकळी होऊ का?

ताई,

लगेच नाही म्हणू नका, पण मुख्याध्यापक म्हणतायत तसं हो पण म्हणू नका. का ते सांगतो.

आधी त्या गवंडीभाऊंबद्दल. तुम्ही पत्रात लिहिलंय की त्यांना कामाची किंमत कळत नाही असं शाळेतल्या एका सरांचं मत पडलं. मला नाही तसं वाटत. ज्या माणसाने वीस वर्षं उन्हात भिंती उभ्या केल्या त्याला कामाची किंमत तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते, आणि त्या कामाला गावात काय किंमत देतात तेही त्यालाच कळतं. त्यांनी थापीला नावं ठेवलेली नाहीत. माझ्याच पोराला का, असं ते विचारतायत. ‘अ’ तुकडीतल्या डॉक्टरांच्या मुलीला, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या मुलाला पण थापी देणार असाल तर बोला, नाहीतर माझ्या पोराला तुम्ही आत्तापासूनच बाजूला काढताय, हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ आहे आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. तुमची खरी अडचण विषयाची नाहीच. तो कोणाला द्यायचा याची आहे.

आता ‘अभ्यासात मागे म्हणून हाताचं काम’ हे जे गृहीत धरलंय ना, ते जरा तपासून बघू. मी स्वतः आठवी ते दहावी टेक्निकल घेतलेला मुलगा. आमच्या वेळी टेक्निकलला जागा कमी असायच्या आणि मार्क बघून घ्यायचे, वर्गातली हुशार मुलं तिकडे जायला धडपडायची. तिथे करायचं काय, तर व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा पकडून कानसीने घासत बसायचं, आणि काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरला की फट दिसायची, परत घासा. तीन आठवडे मी एक तुकडा घासलाय, चारी बाजू काटकोनात यायला. तेव्हा कोणाच्या आईवडिलांना वाटलं नाही की पोरगं वाया चाललं. म्हणजे हाताला काळं लागणं तेच होतं, फक्त मुलं कुठल्या बाजूने निवडली एवढाच फरक. ज्या विषयाला शाळा मागची मुलं पाठवते तो विषय मागचा होतो, आणि पुढची पाठवते तो पुढचा होतो, त्यात विषयाचा काही दोष नसतो.

आणि दुसरं, प्लंबिंगला डोकं लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा प्लंबरशेजारी बसून बघावं. अर्धा इंची, पाऊण इंची, चार सूत, सहा सूत. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे सहा सूत म्हणजे पाऊण, हे अपूर्णांकच आहेत की! पाचवीपासून ज्यांना अपूर्णांकाची भीती बसलीय ती पोरं पाईप मापताना पहिल्याच दिवशी त्याला भिडणार आहेत. मुलांना एक प्रश्न विचारून बघा, एक इंची पाईपच्या तोंडाचं क्षेत्रफळ अर्ध्या इंचीच्या किती पट? सगळे दुप्पट म्हणतील. मग कागदावर दोन वर्तुळं काढायला लावा, चौपट निघतं. ‘अ’ तुकडीची मुलं पण दुप्पटच म्हणतील बघा, कारण πr² त्यांना पाठ असतं पण पाईप कधी हातात घेतलेला नसतो. म्हणून हा विषय ‘अ’ तुकडीला कमी गरजेचा आहे असं मला अजिबात वाटत नाही, उलट त्यांना जरा जास्तच आहे.

ही कल्पना काल-परवाची नाही हे पण मुख्याध्यापकांना सांगता येईल. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली, झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यावरून नई तालीमचा आराखडा केला, त्याचा गाभाच हा होता की हाताच्या उद्योगातून सगळे विषय शिकवायचे, आणि सगळ्या मुलांना. आपल्याकडे भाऊराव पाटलांनी रयतमध्ये ‘कमवा आणि शिका’ चालवून दाखवलं. आणि अगदी जवळचं उदाहरण पाबळचं, शिरूर तालुका, पुणे जिल्हा. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून तिथे गेले आणि १९८३ला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या कामातून शाळांसाठी जो कार्यक्रम उभा राहिला त्यात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात, चार विभाग आहेत, इंजिनिअरिंग, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य, आणि विभाग मुलांनी आलटून पालटून करायचे. मुलगे एकीकडे आणि मुली दुसरीकडे असं नाही. शिकवायला गावातलेच कारागीर येतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात पण हेच आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराशिवाय सुतार, माळी, कुंभार अशा लोकांबरोबर काम करू द्या असं त्यात लिहिलंय, आणि तिथेही ‘मागची मुलं’ असा शब्द नाहीये.

पण खोटं कशाला सांगू, याची दुसरी बाजू पण जुनीच आहे. कार्व्हरांमुळे आपल्या बऱ्याच मराठी वाचकांना अमेरिकेतलं टस्कीगी हे नाव ओळखीचं आहे. १८८१ला बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तिथे कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली, मुलांनी स्वतः विटा पाडल्या, इमारती बांधल्या. खूप मोठं काम ते. पण त्याच काळात डु बॉईस हा दुसरा मोठा विचारवंत म्हणत होता की आमच्या मुलांना फक्त हातकामच शिकवाल तर वर जायच्या वाटा बंद होतील. त्यांचं भांडण वाचताना मला दोघांचंही पटतं, आणि तुमचे गवंडीभाऊ काही न वाचता डु बॉईसच्या बाजूला उभे आहेत. म्हणून विषय घेताना ‘वाट बंद होत नाही’ हे शाळेने दाखवून द्यायला पाहिजे, नुसतं तोंडी सांगून भागणार नाही.

तर तुमच्यापुढे वाटा कुठल्या? तुम्ही सरळ नाही म्हणालात तर काय होईल, विषय दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात जाईल, तो ‘ड’लाच मिळेल, पुस्तकातून आकृत्या काढून घेतल्या जातील आणि सामान कपाटात कुलूपबंद. हे मी एका शाळेत बघितलंय, पाईप पाना पाच वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत होता, वरचं ग्रीसही पुसलं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणतायत तसंच केलंत तर त्या वडिलांच्या नजरेला तुम्ही नजर देऊ शकणार नाही. तिसरं करा. मुख्याध्यापकांना म्हणा मी घेते, पण नववीच्या सगळ्या तुकड्या फिरत्या पद्धतीने. चार तुकड्या असतील तर प्रत्येकीला वर्षातले आठ-नऊ आठवडे, आठवड्याला सलग दोन तास. सामान तेवढंच लागतं, कारण एका वेळी एकच तुकडी असते. आणि जर हा विषय बोर्डाच्या परीक्षेत दुसऱ्या एखाद्या विषयाच्या जागी घ्यायचा असेल, तर कोणाच्या जागी, गणित-विज्ञान सुटत नाहीये ना, अकरावी-डिप्लोमाला काही अडत नाही ना, हे आधी लेखी घ्या आणि पालकसभेत वाचून दाखवा. फिरता वर्ग हा सगळ्यांसाठी, आणि परीक्षेचा विषय म्हणून ज्याला पाहिजे त्याने घ्यावा, कुठल्याही तुकडीतून, स्वतः मागून. मुख्याध्यापक चारही तुकड्यांना तयार नाही झाले तर निदान ‘अ’ आणि ‘ड’ दोन्ही घ्या, यावर मात्र अडून बसा.

आता तुमचं ‘मला येत नाही’. ताई, तुम्हाला आटे पाडता येत नाहीत, ठीक आहे, ते शिकवायला कारागीर येईल. पण पाणी वरून खाली का येतं, किती जोरात येतं हे तर तुम्हाला येतं ना? टाकी नळापासून दहा मीटर उंच असेल तर नळाशी दाब साधारण चौरस सेंटीमीटरला एक किलो, म्हणून तळमजल्याच्या नळाला धार आणि गच्चीखालच्या मजल्यावर करंगळीएवढं पाणी. जूनमध्ये शाळा उघडली की मुतारीजवळ वास मारतो, का? कारण सुट्टीत दीड महिना कोणी पाणी टाकलं नाही आणि जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी सुकलं. बेसिनच्या खाली पाईपला जो वाकडा गळा असतो त्यात बोटभर-दोन बोटं पाणी कायम थांबतं आणि तेच गटाराचा वास अडवतं. दोन बादल्या ओता आणि मुलांना दुसऱ्या दिवशी वास घ्यायला पाठवा, असा प्रयोग कुठल्या लॅबमध्ये मिळणार आहे!

माझ्या मते पहिला तास लेव्हल पाईपचा घ्या. गवंड्याकडे असतो तोच, पारदर्शक, करंगळीएवढा जाड, दहा-पंधरा मीटर, चाळीस मुलांना पुरतो. पाणी भरा, एक टोक एका मुलीकडे व्हरांड्याच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. इकडच्या टोकाचं पाणी पेन्सिलच्या खुणेला आणलं की तिकडच्या पाण्याशी पण खूण करायची. मधे मुलं पाईप वर धरतील, खाली पाडतील, वेटोळं करतील, टोकाचं पाणी परत त्याच रेषेला येऊन थांबतं. मग मुद्दाम आत एक हवेचा बुडबुडा राहू द्या. खूण चुकते, कधी बोटभर चुकते, आणि मुलं भांडायला लागतात की तू हलवलास, तू हलवलास. पाच मिनिटं भांडू द्या त्यांना. कोणीतरी एक पोरगं पाईपभर डोळे फिरवत जातं आणि बुडबुडा शोधून काढतं. ते पोरगं बहुतेक वेळा पहिल्या बाकावरचं नसतं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मला त्याचं आश्चर्य वाटत नाही, पण बाकीच्या वर्गाला दर वेळी वाटतं, आणि ते वाटायला ‘अ’ तुकडीची मुलं तिथे हजर पाहिजेत ना?

पुढचं तुम्हाला सुचेलच. तीन-चार-पाचची दोरी ताणून काटकोन काढायचा, पायथागोरस दहावीत आहेच, पण गवंडी तो खोलीची आखणी करताना रोज वापरतो. विटा लावायचा सराव सिमेंटमध्ये नको, मातीच्या गाऱ्यात करा, म्हणजे भिंत ओळंब्यात, सरळ उभी आहे का बघून झालं की मोडायची, विटा धुऊन परत वापरायच्या, आणि सिमेंटने फाटतात तसे पोरांचे हात फाटत नाहीत. नळाचं काम प्लायवूडच्या एका बोर्डवर बसवून घ्या, वर बादली, खाली पाईप, एल्बो, टी, एक व्हॉल्व्ह, दोन तोट्या. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळायची, उलटी गुंडाळली की फिटिंग बसवताना सुटून गोळा होते आणि गळतं, हे सांगू नका, गळू द्या एकदा. शाळेतला एखादा गळका नळ शोधा, खाली लिटरची बाटली लावा. वीस मिनिटांत भरली तर दिवसाला ७२ लिटर गेले. हिशोब वहीत. प्रत्येक कामाला माप, आकृती आणि खर्च या तीन गोष्टी वहीत आल्याच पाहिजेत, पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा केवढ्याला, पाईप फुटाला किती, मजुरी धरली तर किती. मार्क द्यायचे तर या वहीवर आणि बोर्ड गळतो की नाही यावर द्या, पाठांतरावर नको.

दोन ठिकाणी मात्र कडक राहा. एक, सुरक्षा. सोल्युशन लावायचं ते उघड्यावर, बंद खोलीत त्याचा वास डोक्यात जातो. कापताना डोळ्याला चष्मा. शिडी, पत्रे, गच्चीचा कठडा नाही. वायरिंगला हात नाही. आणि गटाराच्या चेंबरमध्ये, सेप्टिक टँकमध्ये कोणीही, कधीही उतरायचं नाही, झाकण उघडून वाकायचं सुद्धा नाही. २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय मोठ्या माणसाला पण तिथे उतरवायला बंदी आहे आणि तरी माणसं मरतायत. हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा, कारण उद्या यातला कोणी खरंच प्लंबर झाला तर कोणीतरी त्याला पाचशे रुपये जास्त देतो म्हणून खाली उतर म्हणणार आहे, तेव्हा नाही म्हणायचं हे त्याला शाळेतच कळायला हवं.

दोन, फुकटची मजुरी. संस्थेला मोह होणार, मुलं शिकलीच आहेत तर मुलांच्या हातून संडास दुरुस्त करून घ्या, कंपाऊंड बांधून घ्या. एकदा शिकण्यासाठी एक नळ बसवला, छान. तोच नळ चौथ्यांदा गळला की प्लंबर बोलवायचा आणि त्याला पैसे द्यायचे. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला कायद्याने बंदी आहे आणि १८ पर्यंत धोक्याच्या कामाला. नववीतली बरीच मुलं या सीमेवरच असतात. कोणी सुट्टीत ‘साईटवर पाठवा, शिकतील’ म्हणालं तर तेव्हाही हे आठवा.

मुलींचं जास्त लांबवत नाही. ज्या घरात नळाला पाणी येईना तर हंडा घेऊन कोण जातं, ते गावात सगळ्यांना माहितीय. पाणी भरायला मुलगी चालते आणि वॉशर बदलायला चालत नाही, हे मुख्याध्यापकांना समोरासमोर बोलायला लावा, त्यांना स्वतःलाच ऐकवणार नाही.

पुढच्या वाटांचं एक पान करून व्हरांड्यात लावा, पालकांना दिसेल असं. प्लंबरचा आयटीआय एक वर्षाचा आहे. सिव्हिल ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा सिव्हिल डिप्लोमा तीन वर्षांचा, आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायची सोय आहे, तिथून पुढे डिग्रीला पण जाता येतं. थापी धरलेला मुलगा इंजिनिअर होऊ शकतो, आणि इंजिनिअर होणाऱ्या मुलाने थापी धरलेली असली तर त्याची साईट जरा बरी असते एवढंच मी अनुभवाने म्हणेन. सगळ्यांनी प्लंबर व्हावं म्हणून हा विषय नाहीच आहे, जसं विज्ञान शिकवता ते सगळ्यांनी शास्त्रज्ञ व्हावं म्हणून नसतं.

आणि शेवटचं, ते गवंडीभाऊ. मगाशी म्हणालो ना, शिकवायला गावातलेच कारागीर. त्यांच्याइतका चांगला माणूस तुम्हाला मिळणार नाही, पण घाई करू नका. पालकसभेत किंवा शाळेत बोलावून विचारू नका, तिथे ते परत ‘ड’ तुकडीच्या पोराचे बाप होतात. कामावरून येऊन हातपाय धुऊन झाल्यावर, सातच्या पुढे घरी जा. आधी सांगा की तुमचं म्हणणं पटलं म्हणून विषय सगळ्या तुकड्यांना करतेय, हे ठरलेलं असेल तरच जा, नाहीतर जाऊ नका. मग विचारा की आठवड्यातून दोन तास याल का, ‘अ’ तुकडीला पण शिकवायला. मानधन किती ते आधी मुख्याध्यापकांकडून ठरवून घ्या, अर्ध्या दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी नको, कारण दोन तासांसाठी त्यांचा अर्धा दिवस बुडतो. हजेरीपत्रकावर आणि वेळापत्रकात त्यांचं नाव बाकी शिक्षकांसारखंच ‘सर’ लावून लिहा. आणि हो, त्याच्या आधी त्यांच्या मुलाला एकट्याला बाजूला घेऊन विचारा, बाबा वर्गात आलेले चालतील का म्हणून. चौदा-पंधराचं वय आहे, त्याला लाजही वाटेल आणि अभिमानही वाटेल, कुठलं आधी वाटेल सांगता येत नाही. तो नको म्हणाला तर तूर्त दुसरा गवंडी बघा, गावात असतोच कोणीतरी, आणि दिवाळीनंतर त्याला परत एकदा विचारा.